घरात प्युरिफायर, तरी बाळाला जुलाब! खराडीच्या सोसायट्यांत चुकतंय कुठे?

गेल्या जुलैमधली गोष्ट. सकाळी सव्वासातला ताईच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला, 'कुणाच्या मुलांना लूज मोशन्स होतायत का?' दहा मिनिटांत सहा जणांनी 'हो' म्हटलं. त्यातलं एक उत्तर ताईचं होतं. माझा भाचा तेव्हा चौदा महिन्यांचा होता आणि आदल्या रात्रीपासून त्याने पाच डायपर बदलायला लावले होते.

ताई खराडीत राहते, अकराव्या मजल्यावर. ईऑन आयटी पार्क तिथून दहा मिनिटांवर. घरात आरओ प्युरिफायर आहे, बाळासाठी वेगळी स्टीलची भांडी आहेत, बाटल्या उकळायचं यंत्र आहे. त्यामुळे 'आमच्याकडे कसं काय झालं?' हा तिचा प्रश्न अगदी खरा होता. ग्रुपवर मात्र प्रश्नाची उत्तरं भराभर येत होती. टँकरचं पाणी. दात येतायत. हवा बदलली. कालची पाणीपुरी. साडेनऊच्या सुमारास चर्चेचा निकाल लागला: कामाला येणाऱ्या मावशींना आधी हात धुवायला लावा.

मी आदल्या दिवशी, रविवारी, ताईकडेच होतो. दुपारी भाच्याचा डायपर मी बदलला होता. वाइप्सने त्याला पुसलं, डायपरची पुरचुंडी केली, हात नळाखाली नुसते ओले केले आणि त्याच हातांनी केळं कुस्करून त्याला भरवलं. साबण बेसिनवर, दीड हातावर होता. जुलाब माझ्यामुळे झाले की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण मावशींवर बोट ठेवणाऱ्या ग्रुपमध्ये मी गप्प बसलो होतो, हे खरं.

त्यानंतर या विषयावर जे वाचलं, खराडीत फिरून जे पाहिलं, त्यातून माझं एक मत बनलं आहे. बाळाच्या जुलाबांकडे आपण 'आमच्या घरातली स्वच्छता' म्हणून बघतो. घर चकाचक असलं की आपण सुटलो, असं समजतो. पण हा आजार फ्लॅटच्या दारापाशी थांबत नाही. तो टाकीतून येतो, कचऱ्याच्या डब्यातून जातो, कंपाउंडच्या भिंतीवरून ये-जा करतो. त्यामुळे निव्वळ घरापुरता उपाय केला, तर तो अर्धाच राहतो.

'दात येतायत' म्हणून जुलाब होतात?

आधी हे मिटवून टाकू, कारण जवळजवळ प्रत्येक आजीचं हे ठाम मत असतं. आजींचं निरीक्षण चुकीचं नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. बाळाला दात साधारण सहाव्या महिन्यानंतर यायला लागतात. नेमकं याच काळात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं आणि वरचं अन्न सुरू होतं. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यंही याच सुमारास कमी होत जातात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चपलेपासून रिमोटपर्यंत सगळं चावतं. म्हणजे दात आणि जुलाब एकाच वेळी येतात, पण दातांमुळे जुलाब येत नाहीत. 'दातांचं आहे, जाईल आपोआप' म्हणून दोन दिवस काढले, तर तेवढ्यात शरीरातलं पाणी निघून जातं, आणि लहान बाळाला खरा धोका तोच असतो.

जुलाब होतात ते जंतूंमुळे. लहान मुलांमध्ये रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, ई. कोलायचे काही प्रकार, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर ही त्यातली मोठी नावं. देशाचा विचार केला तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), आधीच्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली पाच वर्षांखालची मुलं ७.३ टक्के होती. पंधरवड्याचा हा आकडा वर्षाच्या २६ पंधरवड्यांना लावून पाहा, म्हणजे ही बाब किती घरोघरची आहे ते कळेल.

शी तोंडापर्यंत पोचते कशी?

शीर्षक वाचून नाक मुरडलं असेल, तर माफ करा. पण डॉक्टर ज्याला 'फीको-ओरल' मार्ग म्हणतात, त्याचा सरळ मराठी अर्थ हाच आहे. एकाची शी दुसऱ्याच्या तोंडात जाते.

१९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या एका पुस्तकात वॅग्नर आणि लॅनॉई या दोघांनी याची एक आकृती काढली होती. आजही सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात ती शिकवतात. डावीकडे विष्ठा, उजवीकडे माणूस आणि मधून जाणारे रस्ते: पाणी, हात, माशा, माती. बहुतेक रस्ते अन्नावरून जाऊन तोंडापर्यंत पोचतात. मी शिकलो इंजिनीअरिंग, त्यामुळे मला ती सरळसरळ प्लंबिंगची आकृती दिसते. एका टाकीतून चार पाइप निघाले आहेत आणि चारही खालच्या एकाच बादलीत पडतात. तुम्ही एका पाइपचा व्हॉल्व्ह बंद केलात, तरी उरलेल्या तीन पाइपांनी बादली भरतच राहते.

प्युरिफायर म्हणजे एका पाइपवरचा एक व्हॉल्व्ह. चांगला, महागडा, पण एकच. आणि त्याचीही एक गंमत आहे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. वाटेत एखादा जंतू आलाच, तर त्याला मारायला ठेवलेला हा पहारेकरी. प्युरिफायरमधला कार्बन फिल्टर हे क्लोरीन काढून टाकतो, म्हणून पाण्याला वास येत नाही. मग ते 'शुद्ध' पाणी आपण जगमध्ये किंवा माठात भरतो आणि कुणीतरी ग्लास बोटांसकट आत बुडवतो. आता त्या पाण्यात पहारेकरी उरलेला नसतो. आपल्या आज्यांचं लांब दांड्याचं ओगराळं याच कारणासाठी होतं. तोटीचा पिंप किंवा ओगराळं, दोन्हींपैकी काहीही चालेल, पण बोटं पाण्यात जाता कामा नयेत.

दुसरा, सगळ्यांत दुर्लक्षित पाइप म्हणजे बाळाची शी. 'बाळाची शी काय, दूधच तर पितं' असं म्हणत आपण ती निरुपद्रवी मानतो. वस्तुस्थिती उलट आहे. या जंतूंची लागण सर्वांत जास्त लहान मुलांनाच होते, त्यामुळे त्यांच्या शीत ते सर्वांत जास्त असतात. रोटाव्हायरस झालेल्या बाळाच्या एक ग्रॅम शीत अब्जावधी विषाणू असू शकतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यातले शंभरच्या आसपास पुरतात. आता आपल्या फ्लॅटमध्ये काय चालतं ते आठवा. बाळाला वॉश बेसिनवर धरून धुतलं जातं आणि रात्री त्याच बेसिनवर सगळे दात घासतात. शी लागलेलं दुपटं बादलीत भिजत पडतं आणि ती बादली उद्या भाज्या धुवायच्या नळाखाली येते. बाळ रांगतं त्याच सतरंजीवर डायपर बदलला जातो.

उपाय कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत जास्त चालतो: साबण. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये कराचीतल्या वस्त्यांमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण दिला आणि हात धुण्याचा पाठपुरावा केला, तिथल्या मुलांमधलं जुलाबाचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झालं. महत्त्वाचं म्हणजे साधा साबण आणि जाहिरातीतला जंतुनाशक साबण यांच्या परिणामात फरक आढळला नाही. दहा-वीस रुपयांची वडी पुरते. सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरसवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. बाळाला धुतल्यावर, स्वतः संडासला जाऊन आल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवण्याआधी, एवढ्या वेळा साबण लागला तरी बरंच काही साधतं. हे आईबरोबर बाबा, आजोबा आणि रविवारी येणाऱ्या मामालाही लागू आहे.

घर स्वच्छ केलं, तरी फरक का पडला नाही?

इथपर्यंत वाचून वाटेल, चला, साबण ठेवू, बेसिन घासू, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. मग काही मोठे प्रयोग वाचनात आले आणि गाडी अडली.

२०१८ आणि २०१९ साली बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या तीन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. खेड्यापाड्यांतल्या हजारो कुटुंबांना पाण्यात टाकायचं क्लोरीन, सुधारलेलं शौचालय, हात धुण्याची सोय, असं सगळं घरपोच दिलं होतं. बांगलादेशात जुलाब खरोखर कमी झाले. नियंत्रण गटात ५.७ टक्के मुलांना जुलाब होते, तर शौचालयाच्या आणि हात धुण्याच्या गटांत ३.५ टक्के. (त्या शौचालयाच्या गटाला बाळांसाठी छोटं पॉट आणि शी उचलायचं फावडंही दिलं होतं, हे लक्षात ठेवा.) नुसतं पाणी शुद्ध केलेल्या गटात मात्र ठळक फरक दिसला नाही. केनिया आणि झिम्बाब्वेत तर जुलाबांवर काहीच परिणाम झाला नाही. त्याआधी २०१४ मध्ये ओडिशातल्या एका अभ्यासात गावांतलं शौचालयांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं, तरी मुलांचे जुलाब होते तेवढेच राहिले. बरीच शौचालयं वापरातच नव्हती.

म्हणजे साबण, शौचालय सगळं व्यर्थ? तसं म्हणणारे म्हणोत. मला त्यातून दुसरंच दिसतं, आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही, पुण्याशेजारचा जिल्हा पुरतो. २००४ च्या सुमारास तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संपूर्ण स्वच्छता अभियानाचा एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडली आणि काही गावांत आधी मोहीम राबवली. भर घरटी अनुदानावर नव्हता, गावाने एकत्र बसून उघड्यावर जाणं बंद करण्यावर होता. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अर्थतज्ज्ञांनी पुढे तिथल्या मुलांची मोजमापं तपासली, तेव्हा मोहीम झालेल्या गावांतली मुलं उंचीत सरस निघाली. चार वर्षांच्या मुलामागे फरक सेंटिमीटरभराहून जास्त होता. सारखे जुलाब होणाऱ्या मुलाचं खाल्लेलं अंगी लागत नाही आणि उंची खुंटते, म्हणून उंची हा इथे चांगला पुरावा ठरतो. नवी शौचालयं काही प्रत्येक घरात बांधली गेली नव्हती, तरीही.

या अभ्यासांवर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि ते चालू राहतील. पण संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात अख्खं गाव झाडू घेऊन उतरलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही. शेजारी उघड्यावर बसत असेल, तर माझ्या घरातल्या टाइल्स कितीही चमकोत, माशी काही पत्ता विचारून येत नाही. आता हाच हिशेब खराडीला लावू.

अकराव्या मजल्यावर पाणी येतं कुठून?

खराडी महापालिकेत आलं १९९७ साली. गाव होतं ते आयटी पार्कांचं उपनगर झालं, पण पाणी त्या वेगाने आलं नाही. खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणाचं पाणी शहराच्या या पूर्व भागाला मिळायला २०२१ उजाडलं. त्यानंतर परिस्थिती सुधारली, हे कबूल करायला हवं. पण टॉवर त्याहून वेगाने उठले आणि उन्हाळ्यात टँकरची रांग काही तुटलेली नाही.

टँकर भरतो कुठे, त्यात क्लोरीन टाकतात का, त्याचा पाइप टाकीत सोडण्याआधी जमिनीवर लोळतो का, हे फ्लॅटधारकांपैकी किती जणांनी पाहिलंय? मी ताईच्या सोसायटीत उभं राहून पाहिलं. पाइप पार्किंगमधल्या डबक्यातून ओढत आणला आणि तसाच भूमिगत टाकीत सोडला. महापालिकेचं शुद्ध पाणी आणि टँकरचं कुठलं तरी पाणी त्या एकाच टाकीत मिसळतं. तिथून ते पंपाने गच्चीवर जातं आणि मग घराघरात.

इंजिनीअर म्हणून आणखी दोन गोष्टी खटकतात. पहिली, ठराविक तासच पाणी येणाऱ्या जलवाहिनीत उरलेल्या वेळी दाब नसतो. वाहिनीला कुठे चीर असेल आणि शेजारून ड्रेनेज जात असेल, तर रिकामी वाहिनी बाहेरची घाण आत ओढून घेते. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं ते गढूळ का येतं, याचं एक कारण हे. दुसरी, मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी फ्लशला आणि बागेला वापरतात. उत्तम गोष्ट आहे. पण म्हणजे एकाच इमारतीत पिण्याची आणि सांडपाण्याची, अशा दोन वाहिन्या शेजारी शेजारी चढतात. एखाद्या रविवारी फ्लशला पाणी नाही म्हणून कुणी त्या दोन लाइन जोडल्या आणि मधला व्हॉल्व्ह गळका निघाला, तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याची चूक केवढ्याला पडते, हे पुण्याने नुकतंच पाहिलंय. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. रुग्ण दोनशेच्या आसपास गेले, काहींचा जीव गेला. त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. म्हणजे वर दिलेल्या यादीतलेच दोघे. नांदेड गाव २०२१ मध्येच महापालिकेत आलं होतं, पण तिथल्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून घरोघर पोचत होतं. तिथल्या फ्लॅटांमध्येही प्युरिफायर होतेच की.

गंमत बघा, साध्या ग्रामपंचायतीतला पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करून पिवळा रंग येतो का ते पाहतो. तीनशे फ्लॅटांच्या सोसायटीत क्लब हाउसच्या स्विमिंग पूलचं क्लोरीन रोज मोजलं जातं, पिण्याच्या टाकीचं कधीच नाही. क्लोरीन तपासायचं किट ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. जंतूंसाठी एच-टू-एस चाचणीची बाटली असते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि ते काळं पडलं, तर पाणी दूषित असल्याची शक्यता दाट. पक्का अहवाल हवा असेल तर पुण्यातच राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे. निकष सोपा आहे: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही असता कामा नये.

भिंतीपलीकडची मुलं

ताईच्या बाल्कनीतून समोर आणखी एक टॉवर चढताना दिसतो. त्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या आहेत. खराडीत अशा खोल्या दिसत नाहीत असा रस्ता शोधावा लागेल. मी तिथे गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पत्रा तापून आत बसवत नव्हतं, म्हणून बायका लहान मुलं घेऊन बाहेर सावलीला बसल्या होत्या. कुणी जालन्याकडच्या, कुणी छत्तीसगडच्या. पाणी टँकरचं, प्लॅस्टिकच्या एका टाकीत. तिला एकच तोटी, आणि भांडी, कपडे, बाळाचं दुपटं, प्यायचा हंडा, सगळं तिथेच. संडास होते, पण मोजके, अंधारे, दार नीट न लागणारे. तीन वर्षांचं पोर तिथे एकटं बसणं शक्यच नव्हतं. ती पोरं खोल्यांमागच्या गवतात जात होती. गवताच्या पलीकडे सोसायटीची भिंत, आणि भिंतीच्या अलीकडे मुलांची घसरगुंडी.

तिथल्या एका आईने सांगितलं की पावसाळ्यात पोरांचं पोट सारखं बिघडतं आणि एक दिवस दवाखान्यात घालवला की हजेरी बुडते. हात धुवा म्हणून तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. कशाने धुवायचे, कुठे धुवायचे?

हा दयेचा प्रश्न नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यातच पिण्याचं पाणी, शौचालय, तात्पुरती निवारा-व्यवस्था ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली होती. पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघरही. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था बांधकामाच्या जागांवर अशी पाळणाघरं चालवते, म्हणजे हे जमणारं काम आहे. पण बिल्डर फ्लॅट विकताना सॅम्पल फ्लॅट दाखवतो, लेबर कॅम्प नाही. आणि आपणही बुकिंग करताना कार्पेट एरिया विचारतो, संडास किती ते विचारत नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे की महापालिकेने बांधकामाच्या परवानगीचा प्रत्येक पुढचा टप्पा कॅम्पच्या पाण्या-संडासाच्या तपासणीला बांधावा. कागद जोडल्याशिवाय जोता तपासणीचा दाखला मिळत नाही, मग हा कागद का नको?

आता उलट दिशेने पाहा. आपल्याकडून भिंतीपलीकडे काय जातं? डायपर. सोसायटीतलं एक बाळ दिवसाला पाच-सहा डायपर वापरतं. शीसकट गुंडाळलेले हे डायपर पुण्यात बहुतेक ठिकाणी 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक महिलांच्या हाती जातात, आणि वर्गीकरण त्या हातांनीच करतात. मग आपण म्हणतो, मावशींनी हात धुवावेत. याच संस्थेने पुण्यात 'रेड डॉट' मोहीम चालवली: डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळे द्या. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनीही असा कचरा नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. त्याआधी आणखी एक काम, जे जवळपास कुणी करत नाही: डायपरमधली शी आधी कमोडमध्ये झटकून फ्लश करा. तीस सेकंद लागतात. आता आम्ही करतो. पहिल्यांदा नको वाटतं, नंतर सवय होते.

तरीही जुलाब लागलेच तर?

ताईने त्या सकाळी मेडिकलमधून एक टेट्रापॅक आणला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'ओआरएस' असं नाव, सफरचंदाची चव. भाचा आनंदाने प्यायला आणि त्याचे जुलाब वाढले. संध्याकाळी डॉक्टरांनी पॅक उलटा करून साखरेचा आकडा दाखवला.

इथलं विज्ञान सुंदर आहे. आतड्यात सोडिअम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेतात. दोन्हींचं प्रमाण बरोबर असेल, तरच. साखर जास्त झाली की उलटं होतं, शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं हे पाणी पिंपांतून पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, २०२३ मध्ये. आणि त्याच नावाने दुकानात गोड सरबत विकलं जात होतं! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तरीही पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहा. २०.५ ग्रॅमचं पाकीट असतं, अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात, उरलेलं उद्या, असं करू नका, प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करायचं नाही. 'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवणं ही जुनी चूक आहे. जोडीला झिंक, डॉक्टरांना विचारून: सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. त्याच सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं होतं, झिंक मात्र फक्त ३०.५ टक्क्यांना. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी बाळाला कधीही देऊ नका. अँटिबायोटिकही स्वतःहून नको.

घरी थांबायचं नाही ते कधी? शीतून रक्त पडत असेल, बाळ सुस्त पडलं असेल किंवा काहीच पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, रडताना अश्रू येत नसतील, सहा-आठ तासांत लघवी नसेल, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू बसत असेल, तर लगेच दवाखाना. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर एवढीही वाट पाहू नका.

आणि लस. रोटाव्हायरसचे थेंब सरकारी कार्यक्रमात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मोफत मिळतात. यातली एक लस आपल्या नदीपलीकडे, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आहे. बाकीच्या जंतूंवर ती चालत नाही, पण बाळांना गंभीर जुलाब करणारा मोठा गडी तरी मैदानाबाहेर जातो.

भाचा पाच दिवसांनी बरा झाला. झिंक चौदा दिवस दिलं, शेवटचे चार दिवस तो तोंड फिरवत होता. ताईने सोसायटीच्या कमिटीपुढे तीन मागण्या ठेवल्या: टाकीच्या पाण्याचा महिन्याला अहवाल, टँकरचा पाइप स्टँडवर, आणि समोरच्या बांधकामावरच्या पाणी-संडासाबद्दल बिल्डरला आणि महापालिकेला पत्र. पहिली मंजूर झाली, आता लिफ्टशेजारी अहवाल लागतो. पहिल्याच अहवालात क्लोरीन शून्य निघालं, मग टाकी धुतली गेली. दुसरीसाठी वॉचमनने दोन विटा आणून ठेवल्या आहेत. तिसरीवर कमिटीचं म्हणणं पडलं की तो बाहेरचा विषय आहे, वार्षिक सभेत घेऊ. वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटी असते. पाऊस जूनमध्ये येतो.